ऑइल जातं कुठे? टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांची पत्रं या वेळी सर्वांत जास्त आली. बऱ्याच पत्रांत तक्रार वेगवेगळी असली तरी मूळ एकच दिसतं: हात फोर-स्ट्रोकवर बसलेला आहे आणि त्याच सवयी टू-स्ट्रोकला लावल्या जातायत. म्हणून या वेळची जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न: वडिलांची 1992 सालची यामाहा आरएक्स 100 (टू-स्ट्रोक) चाळीच्या जिन्याखाली झाकून ठेवलेली होती, ती चालू करून घेतली. रोजच्या वापराला स्प्लेंडर (फोर-स्ट्रोक) आहे. दोन्ही शंभर सीसीच्या, पण पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. इंजिन एवढंच, मग ताकद येते कुठून? आणि पेट्रोल जातं कुठे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं पिस्टनच्या चार धावांत (वर-खाली मिळून चार) होतात. म्हणजे क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) दोन वेळा पूर्ण फिरतो तेव्हा एकदा धक्का मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला धक्का. हिशेबाने ताकद दुप्पट व्हायला हवी, पण तशी होत नाही. आरएक्स 100 चं इंजिन 98 सीसीचं, 7500 आरपीएमला 11 बीएचपी देणारं. तिच्याच सुमारास, 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 चं इंजिन 97.2 सीसीचं आणि ताकद साडेसातच्या आसपास. स्प्लेंडर याच सीडी 100 च्या घराण्यातली. म्हणजे फायदा दीडपटीचा.

उरलेली अर्धी पट जाते एक्झॉस्टमधून. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि त्या उघडझाप करतो खुद्द पिस्टन. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, मग लगेच ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे ताजं मिश्रण आत येण्याची खिडकी. काही काळ दोन्ही एकदम उघडे राहतात. ताजं मिश्रण आत येतं, जुना धूर ढकलतं आणि त्याच्यामागोमाग स्वतःही थोडं बाहेर निसटतं. काही स्थितीत हे निसटणं पाव भागापर्यंत जातं. तुमचं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातंय ते असं. म्हणून आरएक्स लिटरला चाळिशीच्या आसपास आणि स्प्लेंडर आरामात साठच्या पुढे.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक. फोर-स्ट्रोकच्या तळाशी, क्रँककेसमध्ये, ऑइल साठलेलं असतं. तेच पंपाने वर जातं, खाली येतं, पुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकची क्रँककेस मात्र कोरडी. ती इथे हवेच्या पंपाचं काम करते: पिस्टन वर गेला की मिश्रण (आरएक्समध्ये रीड व्हॉल्व्हमधून, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पट्टीतून) क्रँककेसमध्ये ओढलं जातं, खाली आला की तेच दाबून सिलिंडरमध्ये चढतं. ज्या खोलीतून हवा-पेट्रोल वाहतंय तिथे ऑइल साठवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलबरोबर येतं, जाता जाता बेअरिंगला आणि पिस्टनला चाटून जातं आणि जळून जातं. एकदाच वापरायचं ऑइल. पुढच्या उत्तरांतलं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून निघतं.

प्रश्न: माझी येझदी आहे. एक मेकॅनिक सांगतो लिटरला 20 मिली ऑइल, दुसरा सांगतो 40. तिसरा म्हणतो, जास्त टाकलं तर इंजिनाला चांगलंच. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर: तिसऱ्याचं नक्कीच नाही. आधी आकडे समजून घ्या. 1:50 म्हणजे लिटरला 20 मिली, 1:40 म्हणजे 25, 1:33 म्हणजे 30 आणि 1:25 म्हणजे 40 मिली. जावा-येझदी ज्या काळात डिझाइन झाल्या त्या काळचं ऑइल साधं असायचं, म्हणून प्रमाण जास्त. बजाज चेतकसारख्या स्कूटरला 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली, हेच नेहमीचं प्रमाण होतं. आजच्या चांगल्या 2टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलवर येझदीला लिटरला 30 मिलीपासून सुरुवात करा. नवीन बोअर केलेलं (सिलिंडर आतून कापून मोठा केलेलं) इंजिन असेल तर पहिले 500 किलोमीटर 40. डब्यावर जॅसो (ऑइलच्या प्रतीचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं पाहून घ्या. एफसी म्हणजे कमी धुराचं. एफडीमध्ये त्यावर पिस्टन जास्त स्वच्छ ठेवण्याचा गुण.

जास्त ऑइल वाईट का? एक तर कार्बन: एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला आणि सायलेन्सरच्या आतल्या बॅफलवर (आवाज कमी करणाऱ्या नळीवर) थर बसतो, पोर्ट अरुंद होतो, गाडी वर ओढत नाही. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीक वेळात ठरावीक द्रवच जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा कमी होतो, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. भीतीपोटी ओतलेल्या ऑइलनेच इंजिन गरम होण्याचा हा प्रकार आहे.

मिसळण्याची पद्धतही नीट हवी. पेट्रोल कॉक बंद करा. एका स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल घेऊन त्यात मोजलेलं सगळं ऑइल टाका, हलवा, ते टाकीत ओता आणि मग पंपावर बाकीचं भरा. टाकीत आधी नुसतं ऑइल ओतलं तर ते तळाशी जाऊन कॉकमध्ये बसतं. गाडी पहिल्या सिग्नलपर्यंत धुराचा लोट सोडते आणि नंतर ऑइलवाचून चालते. मापाला औषधाच्या बाटलीचं मिलिलिटरचं झाकण चालेल. अंदाजाचा घोट चालणार नाही.

प्रश्न: खोपोलीकडे उतरताना, जुन्या हायवेवर, बोरघाटाच्या पायथ्याशी माझी टू-स्ट्रोक गाडी अचानक जाम झाली. मागचं चाक क्षणभर घासलं. पंधरा मिनिटांनी किक बसली, गाडी चालू झाली, पण आता आवाज येतो. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं होतं, तेही पुरेसं. मग पिस्टन चिकटला कसा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ऑइल टाकीत होतं, इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. मिसळून वापरायच्या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. घाटात गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला की चाकं इंजिनाला पाच-सहा हजार आरपीएमने फिरवत राहतात आणि कार्बोरेटर मात्र बंद. पेट्रोल नाही, म्हणजे ऑइलही नाही. फोर-स्ट्रोकमध्ये हीच सवय योग्य आहे, कारण तिथे ऑइल पंप क्रँकबरोबर फिरतोच. टू-स्ट्रोकमध्ये उतारावर दर दहा-पंधरा सेकंदांनी थ्रॉटलला एक छोटा झटका द्या, किंवा क्षणभर क्लच दाबून इंजिन स्लोवर येऊ द्या. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका. ब्रेक तापून निकामी होतात. तसंही टू-स्ट्रोकचं इंजिन गाडीला फारसं रोखत नाही, त्यामुळे वेग आधीच कमी ठेवणं बरं.

ऑटोल्यूबवाल्या गाड्यांत (आरएक्स त्यातली) ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने येतं आणि थ्रॉटल बंद असतानाही थोडं येत राहतं. पण तिथे दुसरा धोका आहे. पंपाची केबल थ्रॉटलला जोडलेली असते. ती ताणली की थ्रॉटल पूर्ण उघडूनही पंप अर्धाच उघडतो. पंपावरची खूण पुस्तकात दिल्याप्रमाणे जुळते का ते वर्षातून एकदा तरी पाहा. ऑइलची नळी काढली असेल किंवा टाकी एकदा रिकामी झाली असेल तर नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी पळवू नका. पंपावर हवा काढायचा स्क्रू असतो. तो सैल करून बुडबुडे थांबून सलग ऑइल येईपर्यंत थांबा. त्यानंतरची पहिली टाकी लिटरला 20 मिली ऑइल मिसळून वापरा, म्हणजे पंप रुळेपर्यंत आधार राहतो.

आता तुमचं इंजिन. आवाज येतोय म्हणजे तसंच चालवू नका, हेड आणि ब्लॉक उतरवा. पिस्टन हातात घेऊन उजेडात फिरवून पाहा, दोष कुठला ते पिस्टनच सांगतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापलं: पातळ मिश्रण किंवा कार्बनने भरलेलं सायलेन्सर. चारी बाजूंना, चार ठिकाणी वेगवेगळे चट्टे असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला: गाडी थंड असतानाच पळवली किंवा बोअरिंग घट्ट झालं. सगळीकडून पिस्टन कोरडा, राखाडी आणि अॅल्युमिनिअम सिलिंडरला माखलेलं असेल तर ऑइलच मिळालं नाही. तुमच्याकडे बहुतेक हेच दिसेल.

सिलिंडरवर बोटाच्या नखाला ओरखडा अडकला तर बोअर करावंच लागेल. पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर मोठ्या मापात मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या आणि तोच पिस्टन बोअरिंगवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो त्या पिस्टनच्या मापाने, पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेली फट ठेवून बोअर करेल. फोर-स्ट्रोकचं काम जास्त करणारे कारागीर इथे एक गोष्ट हमखास विसरतात. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टची कड धारदार राहते. ती बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने हलकी मारून घ्यायलाच हवी. नाहीतर रिंग त्या कडेवर अडकते आणि नवा पिस्टन शंभर किलोमीटरच्या आत तुटतो. ब्लॉक ताब्यात घेताना खिडक्यांच्या आतून बोट फिरवून पाहा. धार लागली तर परत द्या.

बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची टोकं खाचेतल्या छोट्या पिनेवर नीट बसलीत ना ते पाहूनच ब्लॉक खाली सरकवा. ही पिन टू-स्ट्रोकमध्ये रिंगला फिरू देत नाही, म्हणजे तिची टोकं पोर्टसमोर येत नाहीत. पिस्टन पिनचं सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) लावण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप आत पडलं तर पूर्ण इंजिन उघडावं लागतं. आणि जुनं सर्क्लिप पुन्हा वापरू नका.

प्रश्न: गाडी स्लोवर आपोआप रेस होते, कधी प्लग पांढरा पडतो. कार्बोरेटर दोनदा साफ केला.
— एक वाचक, कल्याण

उत्तर: कार्बोरेटर सोडा, हवा कुठून चोरून आत येते ते शोधा. कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला रबरी जॉइंट चिरलाय का पाहा. स्लोवर गाडी ठेवून त्या जॉइंटवर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर गळती तिथेच. तिथे नसेल तर क्रँकचं मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं ऑइल सील गेलेलं असतं. जुन्या, बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे सील कडक होतंच. पातळ मिश्रणावर चालवत राहिलात तर डोंबिवलीच्या वाचकांसारखी पाळी येईल. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर लक्षण उलट: गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते. दोन्ही सील एकत्रच बदला, एकाच मजुरीत होतं.

प्रश्न: पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या टू-स्ट्रोकला चालेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: चालवावंच लागणार आहे, तेव्हा तयारी करा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट ठेवला तर मिश्रण थोडं पातळ होतं. मेन जेट एक माप मोठा घ्या आणि प्लगचा रंग पाहा; विटकरी-तपकिरी रंग हवा. जुने रबरी पाइप, कॉकचं वॉशर, फ्लोट व्हॉल्व्हचं टोक हे इथेनॉलने फुगतं किंवा कडक होतं. सगळं एकदाच नव्या मालाने बदला. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीची कमतरता नाही. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका.

प्रश्न: डिलिव्हरीच्या कामासाठी शंभर सीसीची फोर-स्ट्रोक वापरतो. वरून टिकटिक येत होती. मेकॅनिकने टॅपेट घट्ट केले, आवाज गेला, पण आता सकाळी किक मारून मारून घामाघूम होतो.
— एक वाचक, कुर्ला

उत्तर: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणारे स्क्रू, गरजेपेक्षा जास्त घट्ट झालेत. सैल टॅपेट आवाज करतो पण नुकसान हळू करतो. घट्ट टॅपेट गप्प असतो आणि व्हॉल्व्ह जाळतो, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि गरम धूर त्याच फटीतून जात राहतो. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी असलेल्या गाडीवर, सेटिंग करून घ्या. मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) तपासणीच्या खिडकीत आणा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतायत ना ते पाहा. हलत नसतील तर क्रँक अजून एक फेरी फिरवा. फट फिलर गेजनेच (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. ती मिलिमीटरच्या काही शतांशांत असते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आहे. कानाने होणारं हे काम नाही.

आणि ऑइल. डिलिव्हरीला गाडी दिवसभर चालू-बंद होते, हाफ क्लचवर रांगते. अशा गाडीत ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता ऑइल लवकर बदला आणि दर रविवारी पातळी पाहा. गाडी मेन स्टँडवर घ्या, डिपस्टिक पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि काढून बघा. ऑइल जॅसो एमए किंवा एमए2 हवं, कारण या गाड्यांत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. गिअरलेस स्कूटरचं एमबी किंवा कारचं ऑइल घातलं की क्लच घसरतो. टू-स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, त्याची पातळी वेगळी पाहावी लागते; फोर-स्ट्रोकवरून आलेले हेही विसरतात.

प्रश्न: 15 वर्षं झालेली टू-स्ट्रोक ठेवता येते का? पीयूसीत नापास होते.
— एक वाचक, अंधेरी

उत्तर: येते. नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म 25 मुदतीच्या आधीच्या 60 दिवसांत भरता येतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत, चासी नंबर वाचता येण्याजोगा हवा. गंजलेला असेल तर घासू नका, आकडेच जातील. रॉकेलच्या फडक्याने पुसा.

31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9000 पीपीएमपर्यंत मुभा आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला 3.5 टक्के आणि 6000, त्याच काळातल्या फोर-स्ट्रोकला 3.5 आणि 4500. हायड्रोकार्बन म्हणजे बऱ्याच अंशी तेच, निसटलेलं पेट्रोल. तपासणीआधी सायलेन्सरचा बॅफल काढून कार्बन खरवडा, एअर फिल्टर धुवा, नवा प्लग लावा आणि गाडी दहा मिनिटं रस्त्यावर चालवून गरम करूनच केंद्रावर न्या. एअर स्क्रू पूर्ण बंद करून एक ते दीड फेरा उघडा. तरीही नापास झाली तर रिंग किंवा सील पाहा. पैसे देऊन मिळणारा कागद घेऊ नका. मागच्या स्कूटरवर बसलेलं लेकरू तुमच्या गाडीचा धूर घेत असतं.

प्रश्न: मिलन सबवेच्या पाण्यात टू-स्ट्रोक बंद पडली. ढकलत घरी आणली. पुढे काय?
— एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर: किक मारू नका आणि उद्यावर टाकू नका. फोर-स्ट्रोक असती तर ऑइलचा रंग पाहायला सांगितलं असतं: दुधाळ चहासारखं झालं असेल तर बदला, दहा मिनिटं चालवा, पुन्हा बदला. तुमच्या क्रँककेसमध्ये मात्र ऑइलचा साठा नाही. आत शिरलेलं पाणी थेट बेअरिंगवर बसलेलं आहे आणि दोन दिवसांत गंज धरतो.

कॉक बंद करा, प्लग काढा, एअर फिल्टर काढून पिळून वाळत टाका. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू उघडून पाणी सोडा. सायलेन्सर उतरवून उभा करा. आता प्लगशिवाय, चेहरा बाजूला ठेवून, हळूहळू किक मारा. प्लगच्या भोकातून पाणी उडेल. पाणी यायचं थांबलं की भोकातून आणि कार्बोरेटरच्या तोंडातून 10-10 मिली 2टी ऑइल सोडा आणि पुन्हा वीस-पंचवीस किक. मॅग्नेटचं झाकण उघडून आतलं पाणी पुसा. नवा प्लग, ताजं पेट्रोल, आणि गाडी चालू झाली की अर्धा तास तरी चालवा. पहिली पाच मिनिटं धूर फार येईल, तो याच ऑइलचा. गिअर ऑइल दुसऱ्या दिवशी काढून बघा. पांढरट असेल तर तेही बदला.